हार्ट घराणं : कॅलगरीचे पैलवान आणि आमची केबल

गजालीकार (वेंगुर्ला)

नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे अमेरिकेची ठरवून खेळलेली कुस्ती, बघत मोठे झालेल्यांसाठी हा धागा. अंडरटेकर, रॉक, स्टोन कोल्ड यांचे भक्त जगभर आहेत, त्यांच्यासाठी मी वेगळं काही लिहायची गरज नाही. मला बोलायचंय हार्ट मंडळींबद्दल. ब्रेट, ओवेन, जावई डेव्ही बॉय स्मिथ आणि जिम नाइडहार्ट, आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेले म्हातारबाबा, स्टू हार्ट.

ज्यांना फक्त गुलाबी-काळे कपडे आणि रिंगकडे येताना पुढच्या रांगेतल्या पोराला दिलेला तो गॉगल आठवतो, त्यांच्यासाठी थोडी वंशावळ. स्टूचा जन्म १९१५चा, सॅस्काटूनचा. बालपण इतकं हलाखीचं की कुटुंब अल्बर्टाच्या माळावर तंबूत राहत होतं. १९४० साली हौशी कुस्तीत तो कॅनडाचा विजेता झाला आणि त्याच वर्षीचं ऑलिंपिक महायुद्धाने खाल्लं. मग नौदल, मग न्यूयॉर्कला धंद्याची कुस्ती. तिथेच हेलन भेटली. तिचे वडील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले. १९४८ मध्ये स्टूने एडमंटनला स्वतःची कंपनी काढली, तीच पुढे कॅलगरीची स्टॅम्पीड रेसलिंग. पोरं १२. आठ मुलगे, चार मुली. मुलगे सगळे या ना त्या नात्याने रिंगला बांधलेले, आणि चारही जावई पैलवान.

कॅलगरीला टेकडीवर मोठं घर, आणि त्याच्या तळघरात गाद्या टाकलेली बुटक्या छताची खोली. तिचं नाव ‘डंजन’. नवशिका आला की स्टू स्वतः त्याला धरायचा आणि तो किंचाळेपर्यंत सोडायचा नाही. वर स्वयंपाकघरात भांडी वाजतायत, खाली माणूस ओरडतोय, आणि पोरं आपापल्या अभ्यासात. एक कुस्ती खेळणारं अस्वलही काही काळ त्या घराखाली मुक्कामाला होतं.

आता मुद्दा. ‘ते सगळं खोटं असतं’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. मी ज्या गावात वाढलो तिथे दरवर्षी जत्रेला दशावतार व्हायचा. नाटकाला लिहिलेली संहिता नाही. कोण कोणाला मारणार, शेवटी कोण जिंकणार हे रंगायच्या वेळी ठरतं, बाकी संवाद आणि युद्ध जागेवर उभं राहतं, समोरच्याच्या भरवशावर. राजा झालेला माणूस सकाळी रिक्षा चालवतो हे मांडावर जमलेल्या सगळ्यांना माहीत असतं. तरी राणीला वनवास झाला की बायका डोळे पुसतात. कंपन्याही घराण्यांच्या नावाच्या: मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर. स्टूची कंपनी मला पहिल्या दिवसापासून कळली ती यामुळे. तुमचं काय?

देवगडचो झील

अगदी खरा. माझी आजी वारली तोपर्यंत तिका ह्या खोटा असता असा पटाक नाय. ओवेनने ब्रेटच्या दुखऱ्या पायावर लाथ मारली (१९९४चा रॉयल रम्बल, डब्ल्यूडब्ल्यूएफचा मोठा कार्यक्रम), तेव्हा ती जप सोडून उठली. ‘सख्ख्या भावाक मारल्यान? तेच्या आवशीक काय वाटला असात!’ मी म्हटलंय, आजी, ह्यो खेळ आसा. तर म्हणता, ‘खेळात जा येता ता पोटात असता.’

दुसऱ्या दिवशी वाडीत सगळ्यांका सांगून इली, इंग्रजांच्यात पण भावकी आसता म्हणान.

घाटावरचा पाहुणा

आम्ही कराडकडचे. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या उशाला. १९४८ला लंडनमध्ये सहावे, १९५२ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पैशासाठी माणसं वणवण फिरली त्या पदकापायी. ते सोडून कॅनडाच्या नाटक्यांवर धागे काढताय. कोकणात तालमी नाहीत म्हणून असं होतं :)

गजालीकार

पाहुणे, खाशाबांबद्दल दुमत कोणाचंच नाही. पण स्टू नाटक्या नव्हता, तो तुमच्याच जातकुळीचा, मातीऐवजी गादीवरचा. ऑलिंपिक रद्द झालं नसतं तर कदाचित त्याने कंपनी काढलीच नसती. तळघरात ज्यांना त्याने पिळलं त्यांची हाडं खरी होती. त्याचा हिशोब असा दिसतो की खोटी कुस्ती दाखवायची तर आधी खरी यायला हवी. ब्रेटचा सामना आज बघा, प्रत्येक पकडीत सांधा बरोबर जागी धरलेला असतो. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या हल्क होगनचा बघा. बोलत नाही.

चाकरमानी परळ

तुम्हा पोरांच्या आधीची गोष्ट सांगतो. माझे वडील गिरणीत, आम्ही मूळचे राजापूरकडचे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्रीस्टाइल’ असायची. दारासिंग आणि त्याचा भाऊ रंधावा, हे आमचं घराणं. किंग काँग म्हणजे हंगेरीकडचा डोंगरासारखा माणूस. १९६८च्या मे महिन्यात दारासिंगने मुंबईत लू थेझला हरवलं. लू थेझ म्हणजे त्या वेळचा अमेरिकेचा मोठ्यात मोठा पैलवान, म्हातारा होत आलेला, पण नाव ते नावच. पाळी सुटली की खोलीतले गाववाले एकत्र निघायचे.

गणपतीला गावी गेल्यावर वडील ओटीवर ही कुस्ती सांगायचे. बघणाऱ्यापेक्षा ऐकणारे जास्त रंगायचे. पुढे दारासिंग टीव्हीवर हनुमान झाला तेव्हा आमच्या गावात कोणाला नवल वाटलं नाही.

तेव्हाही वर्तमानपत्रात ‘नूरा कुस्ती’, म्हणजे आधीच ठरवलेली, म्हणून टीका व्हायचीच. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, तिकीट काढलं आहे, गप बघ.

सड्यावरची शेवंती

काका, शेवटचं वाक्य भारी.

मला १९९२चा वेम्बलीचा सामना आठवतो. समरस्लॅम, ८० हजारांच्या आसपास माणूस. ब्रेट विरुद्ध डेव्ही बॉय, म्हणजे मेहुणे-मेहुणे, आणि रिंगच्या बाजूला डायना. एकाची बहीण, दुसऱ्याची बायको. कॅमेरा दर मिनिटाला तिच्या चेहऱ्यावर. घरात आम्ही सगळ्या मुली तिच्याकडेच बघत होतो, विजेतेपदाचा पट्टा कोणाला मिळतो याचं कोणाला पडलेलं नव्हतं. जिंकला डेव्ही. ब्रेटने नंतर सांगितलंय की सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात डेव्ही पाठ केलेलं सगळं विसरला, आणि पुढचा अख्खा सामना ब्रेटने त्याला कानात सांगत सांगत ओढला. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला जिंकवायचं, तेही त्याच्या मायदेशात, ८० हजारांसमोर. गजालीकारांचा ‘समोरच्याच्या भरवशावर’ हा मुद्दा मला इथे सगळ्यात जास्त पटतो.

पण एक खटकतं ते बोलतेच. १२ पोरांच्या त्या घरात मुलींना तळघर नव्हतं. त्यांनी पैलवान जावई आणायचे, रिंगच्या बाजूला बसून रडायचं, आणि नवरा मोडून घरी आला की त्याला सांभाळायचं. स्टूची मुलगी एली, तिची मुलगी नताल्या रिंगमध्ये उतरली ती तिसऱ्या पिढीत. २०१० मध्ये आणि परत २०१७ मध्ये ती विजेती झाली. आता तिने आणि तिच्या नवऱ्याने फ्लोरिडात स्वतःचं ‘डंजन’ उभं केलंय आणि तिथे मुलीही शिकतात. आजोबांच्या कुठल्याही पट्ट्यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

देवगडचो झील

शेवंतीताय, आमच्या आजीचो प्रश्न तोच: ‘बहीण खंयच्या बाजून?’

कातळ

पैलवानांच्या फोटोंची ट्रम्प कार्ड! कोणीच कसं काढलं नाही? मुंबईचे चुलतभाऊ गणपतीला यायचे ते खिशात डाव घेऊनच. आरत्या संपल्या रे संपल्या की माळ्यावर. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. ज्याच्याकडे अंडरटेकर तो राजा. ब्रेटचं कार्ड आलं की वजनात हमखास मार, म्हणून मी रँकवरच खेळायचो. माझा पूर्ण संच आईने रद्दीत दिला. त्यावर बोलायची अजून ताकद नाही.

भाट्ये बीच

+१. आमच्याकडे कार्डांवरून खरी मारामारी झालेली आहे.

रत्नांग्री हापूस

स्टॅम्पीडबद्दल थोडं, कारण डब्ल्यूडब्ल्यूएफच्या आधीची ती कंपनी मला जास्त आवडते. दर शुक्रवारी कॅलगरीच्या व्हिक्टोरिया पॅव्हेलियनमध्ये खेळ, बाकीचे दिवस गाडीत बसून एडमंटन, सॅस्काटून, रेजायना. बाहेर उणे तापमान, रस्त्यावर बर्फ, आणि गाडीत रात्री मार खाल्लेले पैलवान. निवेदक एड व्हेलन. आता हे सगळं जुन्या चित्रफितींवर बघायला मिळतं.

आणि तिथला सगळ्यात गाजलेला खलनायक कोण, तर आपला माणूस. गामा सिंग. मूळचा पंजाबचा, कॅनडात वाढलेला, नाव घेतलं ते थेट गामा पैलवानाचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याची टोळी होती ‘कराची व्हाइस’. पंजाबी माणूस, टोळीचं नाव कराची, आणि त्यात पगडी बांधलेला ‘माखन सिंग’ म्हणजे मूळचा अमेरिकन गोरा माइक शॉ! हाच पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये बॅस्टियन बूगर म्हणून आला. भूगोलाचा असा खून मी परत कुठे पाहिला नाही, पण प्रेक्षक गामावर जीव तोडून चिडायचे. त्याचाच भाचा जिंदर महल, कॅलगरीचाच, २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूईचा (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच नंतरचं नाव) विजेता झाला. म्हणजे स्टॅम्पीडचा एक धागा तिकडूनही पुढे आलाय.

१९८४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमहनने स्टॅम्पीड विकत घेतली. अशा प्रांतोप्रांतीच्या कंपन्या एकेक करून त्याने गिळल्या किंवा बंद पाडल्या. ब्रेट, नाइडहार्ट, डेव्ही आणि स्टॅम्पीडचाच पैलवान डायनामाइट किड तेव्हाच तिकडे गेले. स्टूने वर्षभराने परत खेळ सुरू केला, पण मोठी पोरं शहराकडे गेल्यावर गावात जे होतं तेच झालं.

मिऱ्या

मी २००० नंतरचा. ‘माँट्रियल’ म्हणून सगळे उसासे टाकतात, ते नेमकं काय झालं होतं कोणी नीट सांगेल का?

गजालीकार

सांगतो. ९ नोव्हेंबर १९९७, सर्व्हायव्हर सिरीज, माँट्रियल. ब्रेट विजेता आहे आणि त्याचं प्रतिस्पर्धी कंपनीकडे, डब्ल्यूसीडब्ल्यूकडे जायचं ठरलंय. त्याला जाऊ द्यायचं ही कल्पना मॅकमहनचीच, पगार परवडत नव्हता. आता पट्टा इथे सोडून जायला हवा. ब्रेट म्हणतो, सोडतो, पण कॅनडात, माझ्या माणसांसमोर शॉन मायकल्सकडून हरणार नाही. दोघांचं रिंगबाहेरही पटत नव्हतं. त्या दिवशी सामना गोंधळात संपवायचा आणि पट्टा नंतर सोडायचा, असं मालकाने मान्य केलं. निदान ब्रेटला तसं सांगितलं.

सामन्यात ठरल्याप्रमाणे मायकल्सने ब्रेटवर शार्पशूटर लावला. म्हणजे ब्रेटचाच डाव. ब्रेट त्यातून सुटणार होता. तो सुटायच्या आत रिंगच्या बाजूला उभ्या असलेल्या मॅकमहनने घंटा वाजवायला लावली. पंच अर्ल हेब्नर पळून गेला. ब्रेटने हार मानलेलीच नव्हती. तो उठला, मालकाच्या तोंडावर थुंकला, बोटाने हवेत डब्ल्यूसीडब्ल्यू ही अक्षरं काढली, आणि मग आत कपडे बदलायच्या खोलीत त्याला खरोखरचा ठोसा लगावला. योगायोग म्हणजे त्या दिवसांत माहितीपट काढणारी मंडळी ब्रेटसोबत फिरत होती, म्हणून पडद्यामागचंही बरंच चित्रित झालंय.

आता मांडावरचा विचार करा. ठरलंय की शेवटी अभिमन्यू पडणार, पण आधी त्याचं युद्ध होणार. आणि मालकाने मधेच हार्मोनियम थांबवून अभिमन्यूला खाली ढकललं. यात खोटं नाटक कुठलं आणि खरं कुठलं? पाहुणे विचारतात त्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. ठरवून केलेल्या खेळात एकच गोष्ट खरी असावी लागते, दिलेला शब्द. तो त्या रात्री गेला.

घाटावरचा पाहुणा

हे पटलं. आखाड्यातही नूरा कुस्त्या होतात, तिथेही बोली मोडणाऱ्याला पुढच्या मैदानात कोणी उभा करत नाही. फरक इतकाच की इथे बोली मोडणारा स्वतःच मैदानाचा मालक. पण मग ब्रेट २०१० मध्ये परत त्याच कंपनीत का गेला?

गजालीकार

२००२ मध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला, त्यातून उठला. त्याआधी डिसेंबर १९९९ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्या गोल्डबर्गच्या लाथेने डोक्याला मार बसून कारकीर्द संपलेली. आईवडील गेले, हेलन २००१ला, स्टू २००३ला. डेव्ही २००२ला, वय ३९. माणूस किती जणांशी किती वर्षं वैर धरणार? शिवाय पुढच्या पिढीची पोरं त्याच कंपनीत कामाला होती. मला तरी त्याचं परत जाणं समजतं. मायकल्सशी हस्तांदोलन केलं ते मात्र मला आजही गिळवत नाही. ते त्याचं त्याने ठरवायचं, मी कोण.

सड्यावरची शेवंती

ओवेनबद्दल कोणी लिहीत नाहीये, म्हणून लिहिते.

१९९९चा मे. विश्वचषक सुरू होता. सचिन वडिलांचे अंत्यविधी करून इंग्लंडला परत गेला आणि २३ मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० काढल्या. आख्खं घर त्याच नादात. त्याच तारखेला तिकडे कॅन्सस सिटीत ओवेन गेला. आमच्यापर्यंत बातमी आली ती उशिरा आणि तुटक, आधी वाटलं हीपण गोष्टच असणार.

त्याला त्या वेळी ‘ब्लू ब्लेझर’ नावाचं विनोदी मुखवट्याचं पात्र दिलं होतं. छतावरून दोरीने खाली येत प्रवेश करायचा होता. वरूनच अंगाला बांधलेल्या पट्ट्याची कडी सुटली आणि तो सुमारे २४ मीटरवरून रिंगमध्ये कोसळला. वय ३४, दोन लहान मुलं. खेळ थांबवला नाही. त्याला दवाखान्यात नेलं आणि पुढचे सामने झाले. त्याच्या बायकोने, मार्थाने, कंपनीवर दावा लावला. २००० मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या पैशातून तिने ओवेनच्या नावाने संस्था काढली, मुलांच्या शिक्षणाला वगैरे मदत करते. त्यानंतर त्या कंपनीला तिने ओवेनच्या नावाचा सोहळा करू दिलेला नाही. घरातल्यांशीही त्यावरून बिनसलं. मार्था माझ्यासाठी या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात कणखर व्यक्ती आहे, आणि ती कधी रिंगमध्ये उतरली नाही.

देवगडचो झील

आमच्याकडे हल्ली दशावताराच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘ट्रिकसीनयुक्त’ लिहितात. गरुड वरून येता, नाग धूर सोडता. लोकांका आवडता. पण जुने कलाकार बघलंय, तेंका बाकडा नि पखवाज पुरता. ओवेनाक पण काय लागत नव्हता. गादी दिली असती तरी रात्र काढल्यान असती.

चाकरमानी परळ

बाळा, बरोबर बोललास. दारासिंगलाही दोरी लागली नव्हती.

घाटावरचा पाहुणा

एक विचारू का, कोणी रागावू नका. एवढी माणसं तरुणपणी गेली. डेव्ही ३९, ओवेन ३४, तळघरात शिकलेला ब्रायन पिलमन ३५. ओवेनचा तर अपघात, पण बाकीच्यांचं? आमच्या तालमीत ऐंशी वर्षांचे वस्ताद दंड मारताना बघितलेत. वर्षाला तीनशे रात्री गादीवर आपटून घ्यायचं, दुखलं की गोळ्या, फुगायला इंजेक्शनं. याला घराणं म्हणायचं की खाणावळ, जिथे पोरंच वाढली जातात?

गजालीकार

रागवायचं काय, प्रश्न बरोबर आहे. स्टूच्या काळी माणसं गाडीने फिरायची, आठवड्याने घरी यायची, रविवारी टेकडीवरच्या घरात पंगत बसायची. १९८४ नंतर तीच माणसं विमानाने देशभर फिरू लागली आणि अंगं फुगवायची चढाओढ लागली. डायनामाइट किडने शेवटची वर्षं चाकाच्या खुर्चीत काढली. स्टू स्वतः ८८ वर्षं जगला, हे तुमच्या वस्तादांच्या बाजूने जातं. पण तळघराने पोरं घडवून कोणाच्या हाती दिली, याचा दोष त्या घराकडेही थोडा जातोच. पोरं जाताना स्टूने अडवलं नव्हतं.

मिऱ्या

सगळं वाचलं. आता सुरुवात कुठून करू? मोजके सामने सांगा, सुट्टी लागलीय.

रत्नांग्री हापूस

रेसलमेनिया १३, १९९७, ब्रेट विरुद्ध स्टोन कोल्ड ऑस्टिन. ऑस्टिन रक्ताने माखून शार्पशूटरमध्ये बेशुद्ध पडतो पण हार मानत नाही. आत जाताना ब्रेट सज्जन आणि ऑस्टिन खलनायक, बाहेर येताना उलट. एका सामन्यात दोघांच्या भूमिका बदलणं एवढं सफाईने परत झालेलं नाही. ब्रेट-मायकल्सचा एक तासाचा आयर्न मॅन सामना (१९९६) लोक सांगतील, माझ्या मते लांबलाय.

सड्यावरची शेवंती

आधी वेम्बली. मग बाकीचं.

गजालीकार

माझ्या मते रेसलमेनिया १०, मार्च १९९४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पहिलाच सामना ब्रेट-ओवेन. धाकटा थोरल्याला सरळ, स्वच्छ हरवतो. नंतर त्याच रात्री शेवटच्या सामन्यात थोरला योकोझुनाला हरवून विजेता होतो, बाकीचे पैलवान त्याला खांद्यावर घेतात, आणि धाकटा येऊन बघत उभा राहतो की मी याला आत्ताच पाडलंय. पूर्ण कार्यक्रम बघ, तुकडे नको. तुकड्यांमध्ये नेमका तो शेवट कापलेला असतो.

मिऱ्या

लिंक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कातळ

मलाही. आणि कोणाकडे ट्रम्प कार्डांचा जास्तीचा संच असेल तर तोही सांगा, विकत घेईन.

भाट्ये बीच

अंडरटेकर सोडून बाकीचे आहेत. दर तुम्ही बोला.